चार आठवडे, तीन इंटर्न: नाशिकच्या एका वकिली ऑफिसातील प्रकल्प नोंदी, २०२५

प्रकल्प: विधी शाखेच्या तीन विद्यार्थ्यांची (दोन तीन वर्षीय अभ्यासक्रमाचे, एक पाच वर्षीय) दिवाणी आणि चेकची कामे करणाऱ्या ऑफिसात इंटर्नशिप. ऑफिस सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयापासून चालत पाच मिनिटांवर. नोंदी ऑफिसच्या ज्युनिअर वकिलांनी ठेवल्या. पक्षकारांची ओळख पटेल असे सगळे काढले आहे आणि प्रकरणांच्या तारखा बदलल्या आहेत. दिवसांचे गणित मात्र तेच आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

कालावधी ठरला: ९ जून ते ५ जुलै. मे महिना मुद्दाम टाळला. परीक्षा संपल्या की मुले मेमध्येच यायला बघतात आणि नेमकी तेव्हाच कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. जामीन आणि तातडीचे अर्ज सोडले तर बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, पाहण्यासारखे फार काही उरत नाही. मग इंटर्न महिनाभर ऑफिसात जुन्या फायली लावत बसतो आणि डायरीत रोज ‘संशोधन केले’ असे लिहितो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षीय अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षीयला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. वर्षाला सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. दरवर्षी चार केले तर तीन वर्षांत १२ आणि पाच वर्षांत २० बरोबर भरतात. एक वर्ष वाया गेले की पुढे तुकडे जोडत बसावे लागते, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलालाही नाही म्हणू नये असे ठरले. त्याला कायदा कमी येतो, पण कागद लावायला आणि तारखा मोजायला तेवढा पुरतो.

१७ फेब्रुवारी

अर्जात काय मागायचे ते लिहून महाविद्यालयाकडे दिले. एका पानाचा बायोडाटा, कोणते सेमिस्टर, कोणते विषय झाले, नेमक्या तारखा, प्राचार्यांचे पत्र, मराठी युनिकोड टायपिंग येते की नाही, आणि स्वतः लिहिलेली दोन पानांची टिपणी, विषय कोणताही. टक्केवारी विचारली नाही. मूट कोर्टची (सरावाच्या अभिरूप खटल्यांची) प्रमाणपत्रे जोडू नका असेही लिहिले, तरी ती येणारच.

मुंबईच्या मोठ्या फर्मकडे जायचे असेल तर अर्ज याहून कितीतरी महिने आधी जावा लागतो. तिथले काम वेगळे असते: करार, कंपन्यांची तपासणी, संशोधनाच्या टिपा. तिथून आलेल्याला निशाणी पाच (ताकीद अर्ज) म्हणजे काय ते ठाऊक नसते, इथून गेलेल्याला शेअर खरेदीचा करार. दोन्ही करावे. पण शिक्षणाच्या काळात एकदा तरी ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलाकडे काम केलेच पाहिजे, असे बार कौन्सिलचे तेच नियम सांगतात.

१० मार्च

अर्ज वाचले. बहुतेक बाद झाले ते ज्ञानाच्या अभावाने नव्हे, निष्काळजीपणाने. दोघांच्या पत्रात दुसऱ्याच फर्मचे नाव राहिले होते. एकाच्या तारखा त्याच्याच परीक्षेच्या वेळापत्रकावर येत होत्या. तिघांच्या ‘स्वतः लिहिलेल्या’ टिपण्यांतला एक परिच्छेद अक्षरशः सारखा होता. एकीने फसवणुकीवर लिहिताना फक्त भारतीय दंड संहितेचे कलम ४२० दिले होते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, त्याआधीच्या घटनेला जुनेच. घटना कधीची हे टिपणीत कुठेच नव्हते. तिला ते कळवून दुरुस्त करून मागवले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, सोबत कोणत्या तारखेला कोणता कायदा याचा चार ओळींचा तक्ता. तिची निवड त्या तक्त्यावर झाली.

२४ मार्च

मुलाखती, प्रत्येकी वीस मिनिटे. समोर एक सातबारा ठेवला आणि मालक कोण ते विचारले. ‘सातबाऱ्यावर नाव आहे तो मालक’ हे उत्तर आले की पुढचा प्रश्न: मग कोर्टात दावे कशाला चालतात? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, हक्क मात्र दस्तातून किंवा वारशाने येतो. एवढे कुणालाच पूर्ण सांगता आले नाही आणि ते अपेक्षितही नव्हते. पाहायचे होते ते एवढेच, की कागदावरचे आधी वाचतो की आधी बोलतो.

विद्यावेतन नाही, हे तोंडावर सांगितले. रिक्षा आणि झेरॉक्सचा खर्च ऑफिस देईल. हे न सांगता मुलांना महिनाभर ताटकळत ठेवणारी ऑफिसे आहेत आणि ती पद्धत वाईट आहे.

९ जून, सोमवार

पहिला दिवस. पोशाखापासून सुरुवात: पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट, मुलींना पांढरा किंवा काळा सलवार-कमीज वा साडी चालते. बँड आणि गाऊन नाही, तो सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर. एक जण भावाचा बँड लावून आला होता, तो काढायला लावला. इंटर्न कोर्टापुढे बोलत नाही, वकीलपत्रावर सही करत नाही, ‘साहेब येतायत, थोडा वेळ द्या’ असेही परस्पर सांगत नाही. ते ज्युनिअरचे काम.

मग गुप्तता. पक्षकार वकिलाला जे सांगतो त्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे आणि तेच बंधन वकिलाच्या कारकुनाला, नोकरालाही आहे. इंटर्नने स्वतःला त्यात धरावे. फाइलचा फोटो फोनवर काढायचा नाही, पक्षकाराचा मजकूर कोणत्याही एआय साधनात टाकायचा नाही. निवाड्याचा दाखला कुठूनही मिळो, मूळ निकाल उघडून परिच्छेद क्रमांक लिहिल्याशिवाय टिपणीत यायचा नाही.

दुपारी शब्द. पुस्तकात प्लेंट, रिटन स्टेटमेंट, एक्झिबिट. इथे दावा, कैफियत, निशाणी. रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झाले त्याची नोंद. पुरसिस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेले छोटे लेखी निवेदन: ‘पुरावा संपला’, ‘तडजोड झाली’. ‘से’ म्हणजे समोरच्याच्या अर्जावर आपले म्हणणे. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. दावा निशाणी १, तूर्तातूर्त ताकीद (निकालापर्यंतची तात्पुरती मनाई) अर्ज प्रघाताने निशाणी ५. कोर्टात ‘पाचवर युक्तिवाद’ म्हटले की ताकीद अर्जाचा.

१० जून

फाइल वाचायची रीत. तिघांनीही दाव्यापासून वाचायला घेतले आणि तासाभरात दमले. आधी रोजनामा, तोही शेवटच्या तारखेपासून मागे. प्रकरण कुठे अडकले आहे ते त्यातून कळते: समन्स बजावणी, कैफियत, मुद्दे (कोर्टाने ठरवलेले वादाचे प्रश्न), सरतपासाचे (साक्षीदाराच्या मूळ साक्षीचे) प्रतिज्ञापत्र, उलटतपास, युक्तिवाद. मग मुद्दे, मग दावा-कैफियत, शेवटी कागद. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाची ओळख असलेला १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख मिळते, पण ॲपवर टप्प्याचे नाव बऱ्याचदा मोघम असते. रोजनामा प्रत्यक्ष वाचल्याशिवाय तारखेला काय तयारी लागेल ते कळत नाही.

११ जून

या महिन्यातले सगळ्यात उपयोगाचे काम आज आले. निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, परराज्यातल्या व्यापाऱ्याने दिलेला चेक परत. इंटर्नला फक्त प्रश्न आणि तारखांचा तक्ता दिला.

चेक १५ मार्चचा, म्हणजे तीन महिन्यांच्या मुदतीत बँकेत भरला गेला. ‘निधी अपुरा’ असा बँकेचा मेमो हातात पडला ३० मे रोजी. पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या (चेकला लागू असलेल्या कायद्याच्या) कलम १३८ प्रमाणे मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस जायला हवी. पहिला दिवस सोडायचा. ३१ मे हा पहिला, २९ जून हा तिसावा. एका इंटर्नने ३० जून काढला, कारण त्याने ‘एक महिना’ मोजला. नोटिशीला दिवस आहेत, तक्रारीला महिना आहे. हा फरक ज्याच्या अंगवळणी पडला नाही त्याच्या हाती तारखांचा तक्ता देऊ नये.

प्रश्नांच्या यादीत इंटर्नने मेमो, बिले, चेक कुणी भरला हे सगळे घेतले होते. एक सुटला, तो ज्युनिअरने विचारला: ‘काका, चेक हातात आल्यानंतर त्यांनी थोडेफार पैसे पाठवले का? फोनवरून, रोख, कसेही?’ काकांनी नाही सांगितले, तरी बँकेचे खाते-विवरण मागवले. चेकनंतर काही रक्कम मिळाली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर तो चेक त्या दिवशीच्या खऱ्या देण्याचा राहत नाही आणि कलम १३८ चे प्रकरणच कोसळते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात हे स्पष्ट केले. पक्षकार खोटे बोलतो असे नाही. ‘ते तर मागच्या मालाचे होते’ असे मनात धरून तो सांगतच नाही.

नोटिशीचा मसुदा इंटर्नने मराठीत केला. चूक ठरलेलीच: बिलांची बेरीज चेकपेक्षा जास्त होती, तिने मागणी बेरजेची लिहिली. मागणी चेकच्या रकमेची, आकड्यात आणि अक्षरात तीच. बाकीचे देणे वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या हक्कासाठी. नोटीस आजच रजिस्टर पोस्टाने गेली. पावतीवरचा पत्ता आणि पिनकोड लिफाफ्याशी ताडून पाहिला.

१३ जून

नक्कल विभाग, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती मिळतात तो. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, प्रकरण क्रमांक, कोणती निशाणी हवी ते नेमके. ‘संपूर्ण फाइल’ लिहिले की अर्ज रेंगाळतो. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाच्या ३० दिवसांतून नकलेला लागलेला वेळ वजा होतो, म्हणून त्या तारखांचे पान कधीही वेगळे करायचे नाही. इंटर्नने झेरॉक्स काढताना नेमके तेच पान सोडले होते.

१६ ते १८ जून

वाटपाच्या (कुटुंबाच्या जमिनीतले हिस्से मागण्याच्या) दाव्यासाठी शोध. सोळाला चेक प्रकरणाची नोटीस समोरच्याला मिळाल्याचे पोस्टाच्या ट्रॅकिंगवर दिसले. त्या पानाची त्याच दिवशी छपाई करून फाइलला लावली, कारण ही पाने पुढे साइटवर मिळतीलच असे नाही.

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्कातल्या बदलाच्या नोंदी) मागवले. सातबाऱ्यावर नावासमोर फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा गाव नमुना ६ (फेरफार नोंदवही) काढायचा, त्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख सापडतो, मग तो काढायचा. असे मागे मागे जात तीस वर्षे. नावाला कंस झाला म्हणजे ते नाव कमी झाले. कोणत्या फेरफाराने, हे सापडेपर्यंत थांबायचे नाही. या फाइलमध्ये दोन बहिणींच्या नावांना १९९० च्या दशकात ‘हक्कसोड’ म्हणून कंस झाला होता. नोंदणीकृत हक्कसोड पत्र मात्र निबंधकाच्या सूचीत कुठेच मिळाले नाही, फक्त गावातल्या वर्दीवर (तलाठ्याला दिलेल्या माहितीवर) नोंद. स्थावरातला हक्क असा तोंडी सुटत नाही. दावा उभा राहील तो या एका कंसावर, आणि तो इंटर्नच्या वहीत पहिल्यांदा आला हे नोंदवून ठेवतो.

क्षेत्रफळात चूक झालीच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, पक्षकाराच्या तोंडी एकर-गुंठे. १ हेक्टर म्हणजे १०० आर. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे सुमारे ४०.४७ आर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे (१०० आणि १०१.१७ चौरस मीटर) म्हणून एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो. दाव्यात हेक्टर-आरच लिहायचे, गट क्रमांक आणि चतुःसीमेसह. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर बंधने असलेली जमीन) असेल किंवा इतर हक्कांत कूळ, बोजा, आदिवासी खातेदार असा शेरा असेल तर तो रकाना शब्दशः उतरवायचा. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या फायलींत या रकान्याकडे दुर्लक्ष केले तर सगळा मसुदा फुकट जातो.

१९ जून

पक्षकाराच्या मुलाखती, दोन. महाविद्यालयाच्या मूट कोर्ट आणि इंटर्नशिप या शंभर गुणांच्या विषयात मूटला ३०, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला (एक दिवाणी, एक फौजदारी) ३०, मुलाखती आणि दाव्यापूर्वीच्या तयारीच्या डायरीला ३० आणि तोंडीला १० गुण असतात. डायरीतल्या तीसपैकी १५ दोन मुलाखतींना आणि १५ कागदपत्रे तयार करून दाखल करण्याच्या निरीक्षणाला. कुणी काय विचारले, काय सुटले, पक्षकार कोणत्या प्रश्नाला थबकला हे लिहायचे. पक्षकाराची हकिगत नव्हे.

ज्या ऑफिसात रोज मुलाखती होत नाहीत तिथल्या विद्यार्थ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारणा करावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळते, त्यामुळे तिथे पक्षकारांची ये-जा असते.

२३ ते २५ जून

दावा दाखल. संच असा: दावा, सत्यापन (मजकूर खरा असल्याचे वादीचे निवेदन), प्रतिज्ञापत्र, ताकीद अर्ज आणि त्याचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, पत्त्याचे मेमोरँडम, कागदांची यादी, कागद, प्रत्येक प्रतिवादीसाठी प्रत, समन्सची फी.

छाननीत तीन ऑब्जेक्शन निघाली. सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते इतरांकडून कळलेले ते वेगळे केले नव्हते. एका प्रतिवादीच्या पत्त्याला पिनकोड नव्हता. कागदांच्या यादीतला क्रमांक ७ आणि जोडलेला कागद क्रमांक ७ जुळत नव्हते, कारण शेवटच्या क्षणी मधे एक फेरफार घातला आणि पुढचे आकडे तसेच राहिले. तिन्ही चुका मसुद्याच्या नव्हेत, शेवटच्या अर्ध्या तासाच्या आहेत. संच संध्याकाळी बांधायचा आणि सकाळी दुसऱ्याने मोजायचा. ज्याने बांधला त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

मसुद्यातली खरी चूक छाननीने पकडली नाही, ती ज्युनिअरने आधी पकडली होती. वंशावळीत मयत बहिणीची मुले नव्हती. वाटपाच्या दाव्यात हिस्सेदार सुटला की दावाच अपुरा. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने ११ ऑगस्ट २०२० ला नक्की केले. हे तिन्ही इंटर्नना तोंडपाठ होते. तरी वंशावळ काढताना हात आधी भावांकडेच गेला.

महिला वादींच्या कोर्ट फीच्या माफीची अधिसूचना इंटर्नने शोधून आणली, ते चांगले केले. ती या दाव्याला लागते का हे वकील ठरवतील.

२७ जून

फौजदारी खटल्याचे निरीक्षण. मुलांना एकच खटला सुरुवातीपासून निकालापर्यंत पाहायचा असतो. चार आठवड्यांत ते होत नाही. वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तीन-चार खटले पाहावे आणि डायरीत प्रत्येकाचा टप्पा लिहावा. पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचार) आणि बलात्काराची प्रकरणे बंद दालनात चालतात, तिथे थांबायचे नाही.

पंचाचा उलटतपास चांगला झाला. पंचनाम्याची वेळ, ठिकाण, सही कुठे केली, मजकूर वाचून दाखवला का. इंटर्नने प्रश्न लिहून घेतले, उत्तरे सोडली. उलट हवे: उत्तर लिहिले की प्रश्न आपोआप कळतो.

२ जुलै

चेक प्रकरण. नोटीस १६ जूनला मिळाली; १५ दिवस १ जुलैला संपले. तक्रारीचे कारण आज, २ जुलैला घडले. हा दिवस सोडून एक महिना, म्हणजे शेवटची तारीख २ ऑगस्ट. ‘आजच तक्रार टाकू’ असा एका इंटर्नचा काल आग्रह होता. पंधरा दिवस पुरे होण्याआधीची तक्रार टिकत नाही, हे २०१४ च्या योगेंद्र प्रताप सिंह निकालाने ठरले आहे.

कोर्ट कोणते? तिघांनीही नाशिक म्हटले. चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खात्यात भरलेल्या चेकसाठी चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत, तिथले कोर्ट. काकांचे खाते निफाडच्या शाखेत, म्हणून तक्रार निफाडला. वकिलाचे ऑफिस कुठे आहे याचा त्यात काही संबंध नाही.

ट्रॅकिंगच्या पानासाठी आणि खाते-विवरणाच्या छपाईसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागेल. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब चा नमुना इंटर्नने जसाच्या तसा घेतला होता. नवा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे, भाग अ आणि भाग ब असा, हॅश मूल्याच्या (इलेक्ट्रॉनिक नोंदीत बदल झाला नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्याच्या) रकान्यासह. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. तो मिळवायला वेळ लागतो, म्हणून आजच कामाला लावला.

(नंतरची भर, ऑक्टोबर: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला बोलावायचे का, हा प्रश्न इंटर्नने तेव्हा विचारला होता. चेकच्या तक्रारीत त्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२५ च्या संजाबिज तारी निकालात म्हटले आहे.)

५ जुलै, शनिवार

डायऱ्या तपासल्या. दर शनिवारी सही घेतली होती म्हणून आज तासात झाले. शेवटी एकदम सही मागणाऱ्याच्या डायरीत सगळ्या नोंदी एकाच पेनाच्या दिसतात आणि तोंडी परीक्षेत तोच पहिला प्रश्न येतो. प्रमाणपत्र लेटरहेडवर: पासून-पर्यंत तारखा, कामाचे स्वरूप, वकिलाचा सनद क्रमांक. ‘उत्कृष्ट’, ‘अत्यंत हुशार’ असे शब्द घातले नाहीत. प्रत्येकाने काय केले ते तीन ओळींत लिहिले, आणि जिने सातबाऱ्यावरच्या कंसाची नोंद शोधली तिच्या प्रमाणपत्रात ती आली.

ऑफिसच्या चाव्या परत घेतल्या. फाइलच्या याद्या जुळवल्या. वाटपाच्या फाइलमधला एक फेरफार सापडत नव्हता, तो झेरॉक्सच्या दुकानात राहिला होता, आणला. चेकची फाइल ज्युनिअरकडे. शेवटची तारीख २ ऑगस्ट असली तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ जुलैला खूण केली आहे.